काटा रुतल्यानंतरचे चार दिवस

गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. संध्याकाळी बांधावरून परत येताना बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार आला आणि डाव्या पायाच्या चवड्यात रुतला. तिथंच बसून तो उपसला, पण टोक आत मोडलं. रात्री जेवायला बसलो तेव्हा पाय नुसता हुळहुळत होता. सकाळी उठलो तर काटा लागला तिथं रुपयाएवढा लाल चट्टा, बोट लावलं तर गरम, आणि पाय खाटेवरून खाली सोडला की असा ठणका, की दात आवळावे लागत. दुसऱ्या दिवशी जांघेत शेंगदाण्याएवढी गाठ हाताला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवधाण आलंय. काटा आत असेल, आधी तो काढून घे." तिसऱ्या दिवशी जागा पिकली. चौथ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांनी छोटी चीर दिली, पू बाहेर आला आणि त्याच्यासोबत काट्याचं काळपट टोकही.

एवढीशी गोष्ट. पण ते चार दिवस माझ्या पायात जे चाललं होतं, ते शरीराच्या सगळ्यात जुन्या कामांपैकी एक आहे. आपण त्याला सूज म्हणतो, आग होणं म्हणतो, वैद्यकाच्या पुस्तकात त्याला दाह म्हणतात. मुरगळलेला घोटा, सुजलेल्या हिरड्या, न्युमोनिया, आमवात या सगळ्यांच्या मुळाशी हीच क्रिया असते. ती नीट समजली की दुखण्याकडं बघायची नजर बदलते, म्हणून हा खटाटोप.

पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं दाहाच्या चार खुणा सांगितल्या: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. तो भाग नीट वापरता न येणं ही पाचवी खूण पुढं जोडली गेली. माझ्या पायात पाचही हजर होत्या. आपल्याकडं सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या, म्हणजे गळवाच्या सुजेच्या, तीन अवस्था आहेत: आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्चा, पिकत असलेला आणि पिकलेला. गळू 'पिकलं' असं आपण आजही म्हणतो. कच्च्या गळूला चीर देऊ नये आणि पिकलेलं तसंच ठेवू नये, हे सुश्रुतानं बजावून ठेवलंय. आतमध्ये पेशी काय करतात हे त्या काळी दिसणं शक्य नव्हतं, पण डोळ्यांना आणि बोटांना जे कळत होतं ते त्यांनी फार बारकाईनं टिपलं.

आता आत जाऊ.

काट्यानं कातडी भेदली तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. वाटेतल्या पेशी फुटल्या, आणि काट्याला चिकटलेली माती, त्यातले जंतू व कातडीवर एरवी निमूट राहणारे जंतू आत ढकलले गेले. कातडीखालच्या थरात काही पेशी कायम मुक्कामाला असतात. त्यातल्या दोन महत्त्वाच्या: मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी, आणि मास्ट पेशी. या राखणदार पेशी दोन प्रकारच्या खुणा ओळखतात. एक, जंतूंच्या अंगावरचे असे रेणू, जे माणसाच्या शरीरात मुळात नसतातच. दुसरी खूण म्हणजे आपलाच माल, पण भलत्या जागी पडलेला. पेशीच्या आत असायला हवं ते रसायन बाहेर सांडलेलं दिसलं, तर पेशी फुटली आहे असा अर्थ होतो. शेजारच्या घरातली भांडीकुंडी रस्त्यावर पडलेली दिसली की आत काहीतरी घडलंय हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, तसंच.

यामुळं एक कोडं सुटतं. पाय मुरगळतो तेव्हा कातडी शाबूत असते, जंतू कुठंच नसतो, तरी घोटा टम्म का फुगतो? कारण फाटलेल्या पेशींची दुसरी खूण तेवढी पुरते. दाह म्हणजे जंतुसंसर्ग असं समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलंय, ते चुकीचं आहे. संसर्ग हे दाहाचं एक कारण झालं. मार, भाजणं, युरिक आम्लाचे सांध्यात साठलेले खडे ही इतर कारणं. जंतू ओळखणाऱ्या रेणूंवरच्या कामासाठी ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. हॉफमन यांचं काम चक्क फळमाशीवर होतं. माशीत आणि माणसातही सापडावी, इतकी जुनी आहे ही यंत्रणा.

खूण पटली की मास्ट पेशी आपल्या पोटातले दाणे बाहेर टाकतात. त्यातलं हिस्टामिन आपल्या ओळखीचं आहे. अंगावर पित्त उठतं तेव्हा आपण जी गोळी घेतो, ती याच हिस्टामिनला अडवते. हिस्टामिन दोन कामं करतं. आसपासच्या बारीक धमन्या सैल करतं, त्यामुळं तिथं जास्त रक्त येतं. हीच लाली. पायाची कातडी शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असते, आतलं ऊबदार रक्त भरभरून तिथं आलं की जागा गरम लागते. हीच उष्णता. दुसरं काम म्हणजे अगदी बारीक शिरांच्या अस्तरातल्या पेशी थोड्या आक्रसतात आणि त्यांच्यात फटी पडतात. त्या फटींतून रक्तातला पाण्यासारखा भाग बाहेर झिरपतो. ही सूज.

हा झिरपा म्हणजे बिघाड वाटतो, पण ती मुद्दाम उघडलेली वाट असते. त्या पाण्याबरोबर प्रतिपिंडं येतात, जंतूंच्या आवरणाला भोकं पाडणारी प्रथिनं येतात, गुठळी बांधणारी प्रथिनंही येतात. एरवी ती शिरेच्या आत फिरत असतात, काट्यापर्यंत पोचायची त्यांना सोय नसते.

ठणक्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सहन करावा लागतो तो तोच. जखमेच्या जागी ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं तयार होतात. ब्रॅडिकायनिन वेदनेच्या नसांना थेट डिवचतं. प्रोस्टाग्लँडिन त्या नसा हळव्या करून ठेवतं. एरवी ज्या स्पर्शाची दखलही घेतली जात नाही, तो त्या जागी सहन होत नाही. त्या रात्री माझ्या पायावर नुसती चादर आली तरी मी दचकून उठत होतो. त्यात सुजेनं ताणलेल्या जागेत हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताची लाट येते, ताण क्षणभर वाढतो आणि नस कळवळते. ठणका नाडीच्या तालावर चालतो तो यामुळं. पाय लोंबता सोडला की रक्त खाली साठतं आणि ठणका वाढतो. उशीवर उंच ठेवला की ओसरतो. हा साधा उपाय पहिल्या दिवसापासून करावा, त्याला पैसे पडत नाहीत.

१९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. त्या कामासाठी १९८२ मध्ये त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक याच वाटेनं जातात. पॅरासिटामॉल दुखणं आणि ताप कमी करतं, पण सुजेवर त्याचा फारसा परिणाम नसतो. मेडिकलमधून गोळी मागताना हा फरक ठाऊक असलेला बरा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला जड जातात, म्हणून ज्यांना आधीच तिथला त्रास आहे त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

इथपर्यंत काही मिनिटं ते काही तास झाले. आता खरी फौज यायची असते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक संख्या बहुधा न्यूट्रोफिलची असते. अस्थिमज्जा त्या दिवसाला दहा हजार कोटींच्या आसपास बनवते. रक्तात त्यांचं आयुष्य जेमतेम काही तासांचं, फार तर दिवसभराचं. जखमेच्या जवळची शीर आपल्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू काढून ठेवते. पाटाच्या पाण्यात वाहणारं पान काठाच्या गवताला अडत, सुटत, पुन्हा अडत पुढं सरकतं आणि शेवटी एका जागी अडकून बसतं, ते पाहिलंय ना? न्यूट्रोफिल तसाच भिंतीला घासत, लोळत वेग कमी करतो, मग पक्का चिकटतो, सपाट होतो आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतो. त्यानंतर रसायनांचा माग काढत थेट काट्याशी.

तिथं पोचल्यावर तो जंतू गिळतो आणि पोटात मारतो. मारायला जी रसायनं वापरतो त्यात हायपोक्लोरस आम्ल असतं. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो तेव्हा पाण्यात जंतू मारणारं जे द्रव्य तयार होतं, तेच हे. आपल्या रक्तातली एक पेशी स्वतःपुरतं ब्लीच बनवते! ते बनवणारं विकर (एन्झाइम) हिरव्या रंगाचं असतं, पुवाला हिरवट झाक येते ती त्याची. काही न्यूट्रोफिल तर स्वतःचे डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि जंतूंना जाळ्यात धरतात. या कामात ते स्वतःही मरतात. पू म्हणजे मेलेले न्यूट्रोफिल, मेलेले आणि काही जिवंत जंतू, आणि विरघळलेला मांसल भाग. डॉक्टरांनी चीर दिली तेव्हा जे बाहेर आलं, ते पाहून किळस येण्याऐवजी मला भरून आलं, हे खरं सांगतो.

हे सगळं माणसाला कधी दिसलं? त्याची हकिगतही काट्यापासूनच सुरू होते. १८८२ मध्ये इल्या मेचनिकोव्ह हे प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होते. तारामाशाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांच्या आत इकडंतिकडं फिरणाऱ्या पेशी बघताना त्यांच्या मनात आलं की या पेशी शरीराचं रक्षण करत असतील का? त्यांनी बागेतले काटे आणले आणि अळीच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. दाह म्हणजे निव्वळ अपाय असा समज पक्का असलेल्या काळात त्यांनी तो बचाव आहे असं ठणकावून मांडलं. १९०८ चं नोबेल त्यांना पाउल एरलिश यांच्यासोबत मिळालं.

मेचनिकोव्ह यांचा ओडेसातला एक विद्यार्थी पुढं मुंबईत आला. त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्या प्लेगला लोक गाठीचा ताप म्हणत, कारण जांघेत नाहीतर काखेत मोठी गाठ येई. माझ्या जांघेतलं अवधाण आणि ती जीवघेणी गाठ यांत भयंकर अंतर आहे, पण जागा एकच, लसिकाग्रंथी. जखमेत झिरपलेलं पाणी पुन्हा रक्तात जायच्या आधी या ग्रंथींतून गाळलं जातं. पायाचं पाणी जांघेत, हाताचं काखेत. जंतूंचे तुकडे तिथं पोचले की ग्रंथीतल्या पेशी ते ओळखून झपाट्यानं वाढतात, म्हणून गाठ फुगते. बहुतेक जंतू तिथं अडतात. प्लेगचा जंतू मात्र तिथंच ठाण मांडून वाढतो. काकूंनी जांघेतली गाठ ऐकून पायातल्या काट्याचं निदान केलं ते शंभर टक्के शास्त्रशुद्ध होतं. 'अवधाण' या एका शब्दात पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे आणि हा शब्द शहरातल्या मुलांना ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

दाह मोठा असेल तर निरोप मेंदूपर्यंत जातो. मॅक्रोफेजनी सोडलेली इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही प्रथिनं रक्तातून हिंडतात. त्यांच्यामुळं मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण वरच्या आकड्यावर बसतं. शरीराला ३७ अंश सेल्सिअसला आता थंडी वाटू लागते, म्हणून हुडहुडी भरते, गोधडी हवीशी वाटते आणि स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. ताप उतरताना नियंत्रण पुन्हा खाली येतं आणि घाम फुटतो. इंटरल्युकिन-६ यकृतालाही कामाला लावतं. यकृत सीआरपी नावाचं प्रथिन भराभर बनवतं. ते काही तासांत वाढू लागतं आणि दोनेक दिवसांत शिखराला पोचतं. दाह कुठं आहे हे सीआरपी सांगत नाही, आहे एवढंच सांगतं.

कोविडच्या काळात हा सीआरपी आपल्या घराघरांत पोचला. ऑक्सिजन, सीआरपी, डी-डायमर हे शब्द तेव्हा आपण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वाचत होतो. त्या आजारात अनेक रुग्णांचा जीव विषाणूपेक्षाही फुप्फुसात माजलेल्या दाहानं धोक्यात आला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून समजलं की डेक्सामेथासोन हे दाह दाबणारं, स्वस्तातलं जुनं स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करतं आणि ऑक्सिजनवर असलेल्यांचे साधारण एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. सगळं मर्म इथं आहे. दाह आपलं काम करत असताना तो दाबला तर जंतूला मोकळं रान मिळतं. तो हाताबाहेर गेल्यावर दाबला तर जीव वाचतो. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं, म्हणजे म्युकरमायकोसिसनं, महाराष्ट्रात किती घरं हादरली! अनियंत्रित मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त वापरलेलं स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणं होती. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतही अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत आराम पडतो आणि माणूस वर्षभर घेत राहतो. कृपा करून घेऊ नका.

पुन्हा पायाकडं. काटा निघाला, पू वाहून गेला, आणि दोन दिवसांत ठणका थांबला. आग जळण संपलं की विझते तसा दाह आपोआप विझत असावा, असं बराच काळ मानलं जाई. आता कळलंय की तो मिटवायचीही एक ठरलेली व्यवस्था असते. नंतर आलेल्या मॅक्रोफेज मेलेले न्यूट्रोफिल गिळून टाकतात आणि तसं केल्यावर त्यांचा स्वभावच पालटतो. मारण्याची रसायनं थांबतात, डागडुजीची सुरू होतात. नवीन फौज येऊ नये असे निरोप चरबीपासून बनलेले काही रेणू देतात. मग नव्या केशवाहिन्या फुटतात, जागा गुलाबी दाणेदार मांसानं भरते, वरून कातडी सरकत येते. जखमेला खाज सुटते ती या दिवसांत. खपली नखानं उचकटायची इच्छा होते, ती आवरावी.

आणि टोक आतच राहिलं असतं तर? न गिळता येणाऱ्या वस्तूभोवती मॅक्रोफेज एकमेकींत विरघळून मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी बनतात आणि तिच्याभोवती टणक कोट उभारतात. क्षयाच्या जंतूलाही शरीर असाच कोट घालतं. कोट टिकला तर माणसाला जन्मभर पत्ताही लागत नाही, ढासळला तर क्षय उफाळतो. कधी कधी मात्र काटाच नसतो आणि फौज तरी उठते. आमवातात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तराला परकं समजते, म्हणून सकाळी उठल्यावर तास-तास बोटं वळत नाहीत. हृदयाच्या धमनीत चरबीचा थर साचतो त्यातही दाहाचा मोठा हात असतो. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉल न घटवता केवळ दाहाचा एक निरोप अडवला, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले.

हळदीबद्दल लोक हमखास विचारतात. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाहाचे निरोप अडवतं हे खरं आहे, पण पोटातून ते रक्तात फारच थोडं शिरतं. दूध-हळद आवडत असेल तर जरूर प्या. उघड्या जखमेत मात्र डब्यातली हळद भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुणं हे पहिलं काम. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही घ्या. धनुर्वाताच्या जंतूनं जागा फारशी सुजत नाही, त्यामुळं सूज नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. लाली हातभर पसरत गेली, जखमेपासून वर लाल रेघ सरकली, थंडी वाजून ताप आला, धाप लागली, बोलण्यात असंबद्धपणा आला, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेव्हा दाह एका जागेचा राहिलेला नसतो, सगळ्या शरीरातल्या शिरा सैल पडून रक्तदाब कोसळू शकतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती न दुखणाऱ्या काट्याची. माझ्या मामांना वीस वर्षांचा मधुमेह. साखरेनं पायाच्या नसा बधिर झालेल्या, बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, न्यूट्रोफिलची धावही मंदावलेली. म्हणजे ठणका नाही, लाली पुसट, फौज उशिरा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायात बुटाचा खिळा रुतला आणि तीन दिवस ते त्यावरून चालत राहिले. मामींना फरशीवर ओलसर डाग दिसले, वास आला, तेव्हा कळलं. दोन बोटं काढावी लागली. आता रोज रात्री झोपण्यापूर्वी मामी हात-आरसा जमिनीवर ठेवतात, मामा खुर्चीवर बसून आधी एक आणि मग दुसरा तळवा त्यावर धरतात, आणि दोघं मिळून बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत बघतात.